डावा हात चिठ्ठ्यांवर

अक्का,

तुम्ही गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. रजाकभाईंचा फोन आला तेव्हा मी जुळे सोलापुरात घरीच होतो, एका गिऱ्हाइकाचा रुसलेला प्रिंटर फोनवरून समजावत. कारखान्याच्या पॅकिंग खात्यातून रजाकभाई निवृत्त झाले, पण जुन्या लोकांची बातमी अजून त्यांच्याकडूनच निघते. म्हणाले, "अक्का गुजर गई ना, तुमकू मालूम नै क्या?" मी नाही म्हणालो. मग त्यांनी माझ्या मुलीची परीक्षा कशी गेली ते विचारलं आणि मी सांगितलं. तुम्हाला हे चाललं असतं. गळा काढणाऱ्या माणसांचा तुम्हाला कंटाळाच होता.

परवा तुमच्या घरी जाऊन आलो. भिंतीवरच्या फोटोत तुम्ही चष्मा काढून बसला आहात, त्यामुळे ओळख पटायला मला एक क्षण लागला. सूनबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमी ते कंप्युटरवाले न्हवं? लई सांगायच्या तुमचं." काय सांगायच्या, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. कारखान्यातली तुमची खुर्ची गेली त्यात माझा हात होता. ते तुम्हाला माहीत होतं की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. आता विचारायची सोय उरली नाही, म्हणून लिहून काढतोय. पहिल्यापासून लिहितो, कारण मधूनच सुरू केलं असतं तर तुम्ही मला मागं नेऊन पुन्हा सांगायला लावलं असतं.

भवानी पेठेतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात मी पहिल्यांदा आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. मालकांनी ओळख करून दिली, "अक्का, हे इंजिनेर. नवीन सॉफ्टवेअर बसवनार हायत." तुम्ही मान वर केली. "जुन्याला काय झालं?"

जुनं म्हणजे काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांचं. पॅकिंगमधून प्रत्येक गठ्ठ्याची एक चिठ्ठी यायची. तिच्यावर डिझाइनचा नंबर, रंगाचा नंबर, डझन आणि कुठल्या पार्टीचा माल त्या पार्टीचा नंबर. त्या चिठ्ठ्या तुम्ही कॉम्प्युटरवर मारायच्या, संध्याकाळी त्यांची यादी छापायची आणि मग ट्रान्सपोर्टची गाडी हलायची. यादी नाही तर गाडी नाही. तुम्हाला मी नव्या सॉफ्टवेअरचं माहात्म्य ऐकवलं. माऊस असेल, याद्या आपोआप उघडतील, पडदा रंगीत असेल. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणालात, "रंग आमच्याकडं टॉवेलाला असतेत की."

पुढं जेवणाच्या सुट्टीत हळूहळू तुमची कहाणी कळत गेली. त्या खुर्चीवर यायच्या आधी तुम्ही बारा वर्षं विड्या वळल्या होत्या. घरातल्या सगळ्याच बायका वळायच्या. तुम्ही तेवढ्या संसारातून वेळ काढून टायपिंगच्या क्लासला गेलात, सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. "मांडीवरचं सूप उतरलं ते ह्या खुर्चीमुळं," असं तुम्ही म्हणायचात. ती खुर्ची लोखंडी होती, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. मालकांनी नवीन फिरती खुर्ची आणली तर तुम्ही ती रजाकभाईंना देऊन टाकलीत. मला तेव्हा तो हट्ट वाटला होता.

माझ्या सॉफ्टवेअरचा पहिला दिवस आठवतो का? मी तो विसरायचा बराच प्रयत्न केला. जुन्या प्रोग्रॅममध्ये एंटर दाबलं की पुढचा रकाना यायचा. नव्या पद्धतीत पुढं जायला टॅब, आणि एंटर म्हणजे पडद्यावरचं मुख्य बटण दाबल्यासारखं. माझ्या पडद्यावर मुख्य बटण होतं सेव्ह. तुम्ही डिझाइनचा नंबर मारून एंटर दाबलं, तेवढ्यावरच चिठ्ठी सेव्ह झाली आणि रकाने कोरे झाले. मग रंगाचा नंबर डिझाइनच्या जागी पडला, एंटर, सेव्ह. मग डझन, मग पार्टी. एका चिठ्ठीच्या चार झाल्या. अर्धवट चिठ्ठीला अडवावं हे मला सुचलं नव्हतं. तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही पडद्याकडे बघतच नव्हतात, तुमची नजर चिठ्ठीवर होती. संध्याकाळी चाळीस गठ्ठ्यांची यादी एकशे साठ ओळींची निघाली. रजाकभाई यादी घेऊन गाडीपाशी उभे. "इत्ते गठ्ठे किधर हैं बाबा?"

त्या दिवशी आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणालो, "अक्का, आता सगळ्या जगात पुढं जायला टॅब असतो."

"एंटर म्हंजे पुढं. इतकी वर्सं पुढंच गेलंय."

"जग बदललंय पण."

"जग हितं चिठ्ठ्या मारायला येतंय का?"

मी एंटर पुढं नेणारा करून दिला, पण तोंड पाडून. पुढची कित्येक वर्षं मी तुम्हाला टॅबचं महत्त्व पटवत राहिलो आणि तुम्ही ऐकून घेत राहिलात. तुम्ही कधी हरला नाहीत आणि मीही कधी हरलो असं तोंडानं म्हटलं नाही.

नंतरच्या एका गोष्टीचं श्रेय मात्र माझ्या अडाणीपणाला आहे. टॉवेल आणि नॅपकिन यांची यादी उघडणारं एक बटण मी करत होतो. त्याच्यावर इंग्रजीत दोन्ही शब्द लिहिले आणि जागा वाचवायला मधे 'आणि'चं चिन्ह टाकलं, सगळं चिकटून. प्रोग्रॅम चालवला तर चिन्ह गायब आणि नॅपकिनच्या पहिल्या अक्षराखाली रेघ. मला वाटलं काहीतरी बिघडलं. तासभर शोधत होतो. शेवटी वैतागून ऑल्ट धरून ते अक्षर दाबलं आणि यादी आपोआप उघडली. ज्या अक्षराच्या आधी ते चिन्ह टाकावं, ते अक्षर त्या बटणाची किल्ली होतं. एवढी साधी सोय, आणि मला पदवी घेऊनही माहीत नव्हती. त्या संध्याकाळी मी दिसेल त्या बटणावर ते चिन्ह ठोकत सुटलो. सेव्हला एस, छापायला पी, नव्या चिठ्ठीला एन. दुसऱ्या दिवशी तुम्हाला दाखवलं. "अक्का, आता माऊसला हात लावायचं कारण नाही. ऑल्ट धरा, एस दाबा, झालं." तुम्ही बरं म्हणालात.

आठवड्यानं येऊन बघतो तर तुम्ही एकदाही ऑल्ट दाबला नव्हता. खाली शेरा वगैरेचे दोन-तीन रकाने होते, ते एंटर मारत ओलांडून तुम्ही सेव्हच्या बटणापर्यंत जायचात आणि तिथं आणखी एक एंटर. मी मालकांकडे जाऊन चक्क म्हणालो, "अक्कांना नवीन काही शिकायचंच नाही." मालक म्हणाले, "जरा वेळ बसून बघा की त्यांच्यामागं." ते बहुधा मला केबिनबाहेर काढायला म्हणाले असतील. पण मी बसलो.

तुमच्या मागं स्टूल टाकून बसलो तेव्हा मला पहिल्यांदा तुमचा डावा हात दिसला. तो कीबोर्डवर नव्हताच. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या तळव्याखाली होता. अंगठ्यानं वरची चिठ्ठी सरकवायची, दोन बोटांनी धरायची, मारून झाली की करंगळीकडे ढकलायची, तोवर अंगठ्याखाली पुढची. चिठ्ठ्यांना पॅकिंगमधला कापूस चिकटलेला असायचा, तोही अंगठा जाताजाता झटकायचा. विडीचं पान बघून, चाचपून बाजूला करायची बारा वर्षांची सवय ती. उजवा हात तेवढ्यात आकड्यांच्या चौकटीवर चालायचा, मान खाली. मी म्हणालो, "अक्का, ऑल्ट डाव्या हातानं दाबायचा असतो."

"डावा हात कामाला हाय की. त्याला कशाला बोलवतोस?"

मी उठलो. घरी जाऊन सगळं नव्यानं मांडलं. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांची चौकट असते आणि तिच्या कडेला बेरजेचं, वजाबाकीचं, गुणाकाराचं चिन्ह. ती तीनही बटणं आमच्या कामात बेकार पडून होती. बेरजेला सेव्ह केलं. पहिल्या दिवशी सेव्ह व्हायचंही आणि पार्टीच्या रकान्यात बारा आकड्याच्या पुढं बेरजेचं चिन्हही उमटायचं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बारा आनि काय?" मग ती कळ रकान्यापर्यंत पोचायच्या आधीच प्रोग्रॅमनं गिळून टाकायची सोय केली. वजाबाकीला मागची चिठ्ठी उघडणं. गुणाकाराचं चिन्ह मी मोकळंच ठेवलं होतं. ते तुम्ही मागून घेतलंत. "एका पार्टीच्या पन्नास चिठ्ठ्या लागोपाठ येतेत. तोच नंबर पन्नास येळा मारायचा का? वरचंच पुन्ना असं बटन दे." मी दिलं. माझ्या सगळ्या कामात जर काही खरंच हुशारीचं असेल तर ते 'वरचंच', आणि ते तुमचं आहे.

मी पडद्याच्या तळाशी कुठल्या कळीनं काय होतं याची पट्टी लिहिली होती. ती तुम्ही काढायला लावलीत. म्हणालात, "हाताला कळलंय. डोळ्याला कशाला सांगतोस?" संध्याकाळची गाडी वेळेवर निघू लागली. रजाकभाईंनी मला पहिल्यांदा चहा पाजला.

खंडेनवमीला मागाची पूजा करतात तशी तुम्ही कीबोर्डची केलीत. हळदकुंकू, फूल, तेलाचा एक थेंब. दुसऱ्या दिवशी पाचाचा आकडा दाबला की वर यायचा नाही. पाच नंबरचा रंग म्हणजे गुलाबी. त्या दिवशी कारखान्यातून कागदोपत्री नुसते गुलाबी टॉवेल गेले. मी कीबोर्डची बटणं उपसून कुंकू साफ करत होतो आणि तुम्ही शेजारी उभ्या राहून हसत होतात. पुढच्या वर्षी तुम्ही कीबोर्डवर प्लास्टिक पसरून मग पूजा केलीत.

तिथं शिकलेलं मी नंतर गावभर विकलं. वळसंगच्या दूध केंद्रात माणसाचा एक हात कॅनवर असतो, त्याला उजव्या कडेच्या चार कळा दिल्या. तो खूश झाला. औषधांच्या दुकानात, लाकडाच्या वखारीत, मी सगळीकडे आधी विचारतो, तुमचा दुसरा हात कुठं असतो? लोकांना वाटतं हा फार खोल विचार करणारा माणूस. मी कुणालाही तुमचं नाव सांगितलं नाही. सांगायला लाज वाटायची असं नव्हे. कौतुक ऐकायला बरं वाटायचं, एवढंच.

मग बारकोड आले. आता गठ्ठ्यावरच पट्टी छापलेली, स्कॅनर तिच्यावर धरला की डिझाइन, रंग, डझन, पार्टी सगळं एका क्षणात आत. चिठ्ठीची गरज संपली. मालकांना ते हवंच होतं, पण कधी आणायचं याची त्यांना घाई नव्हती. घाई मला होती. नवं काही जोडल्याशिवाय मला चैन पडत नाही. मीच तीनदा जाऊन त्यांना पटवलं.

चाचणी तुमच्याच टेबलावर झाली. मी तुम्हाला समजावलं की कॉम्प्युटरच्या दृष्टीनं स्कॅनर म्हणजे कीबोर्डच. पट्टी वाचतो, आकडे टाइप करतो आणि शेवटी स्वतःच एंटर मारतो. तुम्ही स्कॅनर हातात घेऊन बघितला. "बघ. ते बी एंटरच मारतंय. टॅब न्हाय." मी पुढची पट्टी स्कॅनरखाली धरली.

तीन आठवडे तुम्ही त्याच्यातल्या चुका काढून दिल्यात. एकच गठ्ठा दोनदा स्कॅन झाला तर पडद्यावर लाल सूचना येत होती. तुम्ही म्हणालात, "पॅकिंगवाले पडद्याकडं बघनार न्हाईत. कानाला सांग." मी दुहेरी स्कॅनला वेगळा, कर्कश आवाज दिला. तो अजूनही तसाच आहे. फाटलेल्या, तेल लागलेल्या, चुरगळलेल्या पट्ट्या तुम्ही वेगळ्या काढून रबर लावून ठेवायचात. शेवटच्या दिवशी तो जुडगा माझ्यापुढं ठेवून म्हणालात, "हे त्याला वाचता येत न्हाईत. हे मारायला मानूस लागनार की." मी म्हणालो, "बघू." ते यंत्र आल्यावर तुमचं काय होणार, हे तुम्हाला कळत नव्हतं असं मी मानायचो. इतकी वर्षं तुम्हाला ओळखूनही मी तसं मानायचो.

महिनाअखेर मालकांनी साडी आणि नारळ दिला. तुम्ही कीबोर्ड पालथा करून त्यातला कापूस झटकलात, पुसून ठेवलात आणि गेलात.

दोन वर्षांनी तुमच्या गल्लीत एका कामाला आलो होतो. तुम्ही दारात बसला होतात, शेजारी सूनबाई. दोघींच्या मांडीवर सूप, तंबाखू, पानं, दोरा. मी वळून परत जायच्या बेतात होतो, पण तुम्ही हाक मारलीत. "ये की. चोरासारखा कुटं चाललास?" मी पायरीवर बसलो. तुमची बोटं विडी वळत होती आणि तुम्ही माझ्याकडे बघून बोलत होतात. मधेच खोकत होतात. त्याचा कशाशी संबंध जोडायला मी डॉक्टर नाही, पण जोडतो.

"अजून प्लसनंच सेव हाय का?" तुम्ही विचारलंत.

"हो."

"मग बरं."

कशा आहात, असं मी विचारलं. "हात रिकामा ऱ्हात न्हाय," म्हणालात. मला त्या दिवशी सांगायचं होतं. शब्दही जुळवले होते. पण सूनबाई शेजारी होत्या, समोरच्या दारातल्या बाई ऐकत होत्या, आणि तुम्ही इतक्या सहज बोलत होतात की मला ते सगळं उकरून काढणं नको वाटलं. खरं म्हणजे मी घाबरलो. चहा पिऊन निघालो. पुन्हा त्या गल्लीत गेलो तो परवाच.

तर काय सांगायचं होतं ते सांगतो. तुम्ही तो रबर लावलेला जुडगा माझ्यापुढं ठेवलात त्याच दुपारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे अर्धी काच, वर सगळं मोकळं, पलीकडे तुमचं टेबल. त्यांनी विचारलं, "मग एन्ट्रीला आता किती मानसं लागतील?" ते तुमच्याबद्दलच विचारत होते, आणि त्यांच्या आवाजात मला थोडी काळजी ऐकू आली होती. त्यांना पळवाट हवी होती. पण मला माझं सॉफ्टवेअर पूर्ण दिसायला हवं होतं. मी म्हणालो, "एकही नाही." चांगलं ठणकावून म्हणालो. त्या क्षणी तुमच्या कीबोर्डचा आवाज थांबला होता असं मला आठवतं, पण ते मी नंतर मनानं जोडलेलंही असेल. थांबला असेल तर तुम्ही ऐकलंत. ऐकलं असूनही त्या दिवशी मला 'वरचंच'चा स्कॅनरमध्येही उपयोग कसा होईल ते अर्धा तास समजावत बसलात.

परवा तुमच्या घरून निघालो तो थेट कारखान्यात गेलो. काम काही नव्हतं. तुमच्या टेबलापाशी मालकांच्या नात्यातल्या एक बाई बसतात, गेली कित्येक वर्षं. त्यांच्यापुढं फाटक्या पट्ट्यांचा ढीग होता आणि त्या एकेक आकडा हातानं मारत होत्या. मी विचारलं, रोज किती वेळ लागतो? म्हणाल्या, "दिवस जातो की."

एक माणूस लागतं, अक्का. तुम्ही सांगितलं होतं आणि मला माहीत होतं. मालकांनी विचारलं तेव्हा मी फक्त 'एक' म्हणायचं होतं. ते खोटं नसतं, आणि ती खुर्ची शेवटपर्यंत तुमचीच राहिली असती.